ओढ्यापलीकडची

मित्रांनो, मी एक जुनी गोम आहे. हे ऐकताच कृपा करून पाय वर घेऊ नका, आणि चप्पलही शोधू नका. मी आपणांपासून फार दूर, चीन देशातील डोंगरांत, लेंगश्वेई नावाच्या ओढ्याच्या पलीकडच्या उतारावर एका चपट्या दगडाखाली राहते. तेथूनच हे निवेदन करीत आहे. तेव्हा आपणांस भय बाळगण्याचे कारण नाही. भय असलेच तर ते मला असावयास हवे. आणि ते मला नाही.

प्रथम नावाविषयी. पुस्तकांत मला शतपाद म्हणतात. माझे पाय मोजा. एकवीस जोड्या भरतील, म्हणजे बेचाळीस. ज्यांनी माझे पाय कधी मोजले नाहीत, त्यांनीच माझे नाव ठेवले. मी मुखाने चावते असेही लिहिलेले आढळते. तेही चूक. या बेचाळीस पायांच्या पुढे आणखी एक जोडी आहे. ती फार पूर्वी वाकली आणि तिचे दोन आकडे झाले. विष त्यांतून उतरते. मी चावत नाही, मी धरते. परंतु आपल्या समजुतीसाठी पुढे 'चावले' असेच म्हणेन. एवढी सवलत मी देते. याहून अधिक देणार नाही.

माझा जन्म याच दगडाखाली झाला. माझ्या आईने चाळीसएक अंड्यांभोवती आपल्या देहाचे वेटोळे घातले आणि दीड महिना अन्नाचा कण तोंडाला लावला नाही. अंड्यांना बुरशी लागू नये म्हणून ती एकेक अंडे चाटून स्वच्छ ठेवीत असे. मध्येच कोणी दगड उचलला असता, तर तिने ती सर्व अंडी स्वतःच खाऊन टाकली असती. आपण शहारलात काय? आमच्याकडे आईपण असेच असते. परक्याच्या हाती काही लागू द्यावयाचे नाही. त्या वर्षी आमचा दगड कोणी उचलला नाही, एवढ्या एकाच गोष्टीवर माझे आयुष्य उभे आहे.

मी अनेक वेळा कात टाकली आणि वाढले. डोके लाल, पाठ काळीभोर, पाय पिवळे. रूपाविषयी गर्व करण्यात अर्थ नाही, कारण ओढ्याच्या अलीकडच्या, म्हणजे गावाकडच्या, उतारावर जी गोम राहते, तिचेही डोके लाल, पाठ काळी आणि पाय पिवळेच आहेत. दोघींना एका फळीवर शेजारी ठेवले तर विधात्यालाही क्षणभर विचार करावा लागेल. आणि येथेच, मित्रांनो, माझ्या सर्व दुःखाचे मूळ आहे.

अलीकडे मक्याची शेते आहेत. तेथे रातकिडे आणि झुरळे विपुल. मऊ शिकार, सोपे जीवन. आमच्या उतारावर मात्र पांढरा खडक. येथे रातकिडे थोडे. पाली आणि उंदरांची पिल्ले अधिक. उंदराचे पिल्लू रातकिड्यासारखे मुकाट्याने मरत नाही. ते झटापट करते, ते आईला हाक मारते. त्याचे हृदय आधी थांबवावे लागते. म्हणून आमच्या पूर्वजांचे विष पिढ्यान्‌पिढ्या निराळे घडत गेले. अलीकडचीचे विष जाळते, सुजवते आणि ओसरते. आमचेही प्रथम जाळते. त्यानंतर ते शांतपणे आत जाते आणि हृदयाला हात घालते.

आम्ही दोघी एक नव्हे, हे आम्हांला कोणी शिकविले नाही. एका पावसाळ्यात ओढ्याला पूर आला आणि एका ओंडक्यावर बसून अलीकडचा एक नर आमच्या उतारास लागला. देखणा होता. त्याने रीतीप्रमाणे माझ्यापुढे रेशमी जाळे विणले आणि आपल्या मिशांनी माझ्या मिशांवर टकटक केली. सलग, घाईने, पाऊस पडल्यासारखी. आमच्यात दोनदा करतात आणि थांबतात. समोरचीला उत्तर देण्यास अवसर ठेवतात. मी उत्तर दिले नाही. तोही आपले जाळे तसेच टाकून निघून गेला. त्यालाही कळले होते. दोन मिशांच्या टोकांना जे क्षणात कळले, ते मनुष्याच्या दोन डोळ्यांना हजारो वर्षे कळलेले नाही.

आता मनुष्याकडे वळते. अलीकडे शिबान नावाचे गाव आहे. वसंत ऋतू लागला की तेथील स्त्रिया पाठीवर टोपली आणि हाती बांबूचा चिमटा घेऊन दगड उलथण्यास निघतात. आमच्या बहिणींना उकळत्या पाण्यात बुडवितात, बांबूच्या काडीवर डोक्यापासून शेपटीपर्यंत ताणून बसवितात, उन्हात वाळवितात आणि पन्नास-पन्नासांच्या जुड्या बांधून औषधासाठी देतात. खरेदी करणारा यू शेठ आपल्या अंगणात एक फळी घेऊन बसतो. फळीवर तीन रेघा आहेत: लहान, मध्यम, मोठी. तो फक्त लांबी पाहतो. जीव कोठला, कसा, काय खात होता, याच्याशी त्या फळीचा संबंध नाही.

साऱ्या गावात एकच स्त्री दोन भांडी बाळगीत असे. तिचे नाव तान आजी. अलीकडची गोम टोपलीत आणि ओढ्यापलीकडची चुकूनमाकून हाती लागली तर मातीच्या मडक्यात, असा तिच्या सासूने घालून दिलेला दंडक होता. मडक्यातली गोम औषधाला द्यावयाची नाही. दारूत मुरवून गुडघ्याला चोळावयाची, पोटात घ्यावयाची नाही. चाळीस वर्षे तिने हे पाळले. चाळीस वर्षे गाव तिला हसले.

तिच्या सुनेचे नाव शिउहे. पती दूर समुद्रकाठच्या कारखान्यात. घरात या दोघीच. शिउहे मेहनती होती, परंतु तिला हसणे सोसत नसे. एके दिवशी दोघी ओढ्याच्या काठी दगड उलथीत असताना त्यांचे बोलणे मला स्पष्ट ऐकू आले. दगडाखाली राहणाऱ्यास वरचे पुष्कळ ऐकू येते.

"आई, तिकडचे दगड बघा की. एकसुद्धा हललेला नाही. केवढाल्या झाल्या असतील तिकडं!"

"होऊ देत. वीतभर होऊ देत नाहीतर हातभर. त्या मडक्यातल्या."

"मडकं, मडकं! परवा यू शेठ सगळ्यांपुढं काय बोलला, ऐकलंत ना? 'तान मावशी, तुमच्या गोमा दरवर्षी बुटक्या व्हायला लागल्यात, उपाशी ठेवता काय?' सगळे खिदळले. मला तिथं उभं राहवेना."

"त्याला म्हणावं, तुझी जीभ ठेव फळीवर. ती मोठीत जाईल."

"तुम्हांला चेष्टा सुचतेय! अहो, दोन्हींचं डोकं लाल, दोन्हींचे पाय पिवळे. फरक दाखवा, मी आत्ता मानते."

"दाखवता येत नाही," आजी म्हणाली, "म्हणून तर मडकं ठेवलंय."

मित्रांनो, माझ्याविषयी याहून शहाणे वाक्य कोणत्याही पंडिताने उच्चारलेले मला ठाऊक नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिउहे एकटीच ओढा ओलांडून आली. मडके आणले नव्हते. टोपली आणली होती. तिने तीन दगड उलथले. चौथा माझा होता.

आणि त्या वेळी माझ्या वेटोळ्यात अंडी होती. अडतीस. एकवीस दिवस मी त्यांना चाटून राखले होते. डोक्यावरचे छप्पर एकाएकी उडाले, ऊन अंगावर कोसळले, चिमटा खाली आला. आमच्या रीतीप्रमाणे मी ती खाऊन टाकावयास हवी होती. परंतु चिमटा निसटला, तिने डावा हात पुढे केला, आणि माझ्यापुढे तिचे बोट आले. मी ते दोन्ही आकड्यांनी धरले आणि सर्व विष उतरविले.

हे मी लपवून ठेवत नाही. त्याबद्दल क्षमाही मागत नाही. ज्याच्या घराचे छप्पर कोणी उचलून नेले, त्याने आधी नम्रपणे चौकशी करावी, असा नियम मला मान्य नाही.

ती किंचाळली, परंतु हट्टी बाई, तिने मला झटकून टोपलीत पाडले, झाकण दाबले आणि घरी धावली. अंडी तेथेच उन्हात राहिली.

घराच्या ओसरीवर गाव जमले. मी टोपलीच्या फटीतून सर्व पाहत होते. शिउहेचा हात मनगटापर्यंत सुजला होता. आजीने विचारले, "कुठं चावली?"

"मक्याच्या बांधावर," शिउहे म्हणाली. सासूच्या मडक्याला हसणारी सून गावासमोर 'पलीकडे गेले होते' असे कसे म्हणणार?

अलीकडची म्हटल्यावर सर्वांनी निःश्वास सोडला. शिबानात गोमेच्या दंशावर एकच उपाय: कोंबड्याला उलटे धरावयाचे, त्याच्या घशाला आले लावावयाचे, आणि जी लाळ गळेल ती दंशावर चोळावयाची. शेजारचा लिआओ काका आपला कोंबडा काखेत घेऊन आलाच.

"बाजूला व्हा! गेल्या साली तिघांना उतरवलंय यानं. संध्याकाळच्या जेवणाला बसतोय माणूस, टणटणीत!"

"म्हातारा झालाय तुझा कोंबडा. लाळ कुठनं गळायची त्याच्या तोंडातनं?" मागून एक बाई म्हणाली.

"वयानं लाळ आटते होय? तुझ्या नवऱ्याकडं बघ, लग्नाच्या जेवणात."

सारे हसले. कोंबडा ओरडला, लाळ गळली, सन्मानपूर्वक चोळण्यात आली. मित्रांनो, त्या कोंबड्याने आजवर कोणासही बरे केलेले नाही. अलीकडचीचे विष जेवणाच्या वेळेपर्यंत आपोआप ओसरते. श्रेय मात्र कोंबडा घेऊन जातो. गावाची चूक औषधात नव्हती. दोन निरनिराळ्या विषांसाठी त्यांच्याकडे एकच शब्द होता, ही त्यांची चूक होती.

आजी हसत नव्हती. तिची दृष्टी सुनेच्या पायांवर खिळली होती.

"शिउहे, तुझ्या बुटांना पांढरी माती कशी गं?"

शिउहेने पाय मागे ओढले.

"बांधाची माती काळी असते. ओढा ओलांडलास?"

"आई..." शिउहेचा शब्द जड पडला. "आई, ओठ बधिर झालेत माझे."

आजीने मग एक शब्दही वाया घालविला नाही. तिने चिमट्याने मला टोपलीतून उचलले आणि मडक्यात टाकले. त्या घाईतही तिने भांडे चुकविले नाही.

"लिआओ, तुझी तीनचाकी काढ."

"मावशी, अहो आत्ताच तर लाळ लावलीय. जेवणापर्यंत उतरेल की."

"जेवणापर्यंत ही राहिली तर उतरेल! काढतोस का मीच ढकलू?"

तीनचाकी वळणावळणाने तालुक्याच्या गावी पोहोचेपर्यंत दुपार झाली होती. मी मडक्यात, मडके आजीच्या मांडीवर, आणि आजीच्या खांद्यावर शिउहेचे डोके. मडक्याच्या भिंतीतून मला आजीचे हृदय ऐकू येत होते. ते फार वेगाने चालले होते. सुनेचे किती मंद झाले असेल, हे त्या गाडीत केवळ मला ठाऊक होते.

रुग्णालयात तरुण डॉक्टर होता. त्याने बोट पाहिले. "गोम ना? दुखेल, सुजेल. गोळ्या देतो, घरी न्या."

आजीने मडके त्याच्या टेबलावर ठेवले आणि खुर्चीत बसली. "ही घरी जाणार नाही."

"आजी, हे काय आणलंत? उचला आधी! अहो, सगळ्या गोमा सारख्याच."

"डॉक्टर, तुमची किती गोमांशी ओळख आहे?"

"म्हणजे?"

"मी चाळीस वर्षं धरतेय. समोर ठेवल्या तर मलासुद्धा ओळखू येत नाहीत. म्हणून तोंडानं सांगतेय, ही ओढ्यापलीकडची आहे. सुनेच्या छातीला ते ठोके मोजायचं यंत्र लावा. काही निघालं नाही तर मला हसा. मला सवय आहे."

डॉक्टरला तिचे म्हणणे पटले, की मडके टेबलावरून हलावे म्हणून त्याने मान्य केले, हे मी सांगू शकत नाही. परंतु त्याने यंत्र लावले. प्रथम ठोके मंद, एवढेच दिसले. चार वाजण्याच्या सुमारास ठोक्यांमधील अंतर वाढू लागले. यंत्र 'टुक' म्हणे आणि मग थांबे. इतका वेळ थांबे की आजी उभी राही. डॉक्टर धावत आला, परिचारिका धावत आल्या, पडदा ओढला गेला. पडद्याबाहेर आजी आणि मी राहिलो. आजी मडक्यात वाकून मला म्हणाली, "सोड तिला. तुझं घर उलथलं तिनं, मला माहीत आहे. पण सोड."

मी काय सोडणार होते? एकदा दिलेले विष परत घेता येत नाही. मी दोनदा मिशा आपटल्या आणि थांबले.

शिउहे वाचली. तिसऱ्या दिवशी ती उठून बसली आणि पेज पिता पिता रडू लागली.

"आई, मी खोटं बोलले."

"बोललीस," आजी म्हणाली. "पण बूट पुसायची अक्कल झाली नाही, म्हणून वाचलीस. पी ती पेज."

त्या डॉक्टरने एक गोष्ट चांगली केली. त्याने आपली चूक स्वतःच्या हाताने लिहिली आणि प्रांताच्या विद्यापीठात विषांचा अभ्यास करणाऱ्या लू बाईंना कळविली. लू बाई मला नेण्यास आल्या, तेव्हा आजीने मडके एकदम दिले नाही.

"न्या. पण परत आणा. जिथली तिथं."

"आजी, एका गोमेसाठी?"

"एका गोमेसाठीच तर आलात ना तुम्ही?"

पुढील वसंतापर्यंत मी काचेच्या पेटीत राहिले. माझा एक पाय तपासणीसाठी घेतला. तो पुढच्या कातीबरोबर पुन्हा आला, किंचित आखूड. विजेचा बारीकसा झटका देऊन माझे विष घेतले. अलीकडच्या दहा गोमांचेही घेतले. लू बाईंना आढळले की बाहेरून आम्हांत केसाचा फरक नाही; आतून मात्र आमची घराणी जेव्हा विलग झाली, तेव्हा या डोंगरात मनुष्याचे पाऊलही पडले नव्हते. विषे तर इतकी भिन्न, की एकावर चालणारा उपाय दुसऱ्यावर चालेलच असे नाही. लू बाई हर्षाने ओरडल्या. मी ओरडले नाही. मला त्यात नवीन काही नव्हते.

परंतु त्यांचे वरिष्ठ भिंग घेऊन आले, दोघींना शेजारी ठेवून पाहिले आणि म्हणाले, "सारख्याच दिसतात. आणखी शंभर नमुने आणा, मग बोलू." माझ्या पेटीवर चिठ्ठी लागली: 'नाव अनिश्चित'. मित्रांनो, अनिश्चित माझे नाव नव्हते. अनिश्चित त्यांची दृष्टी होती. मी वसंतापर्यंत त्या चिठ्ठीकडे पाठ करून राहिले.

लू बाईंनी मात्र शब्द पाळला. वसंतात त्यांनी मला त्याच मडक्यातून शिबानला आणून शिउहेच्या हाती दिले. त्या दिवशी यू शेठच्या अंगणात खरेदी होती. शिउहे पाठीवर अलीकडच्यांच्या वाळलेल्या जुड्यांची टोपली आणि हाती माझे मडके घेऊन रांगेत उभी राहिली. तिच्या डाव्या बोटावर दोन काळे ठिपके अजून होते.

टोपली फळीवर रिकामी झाली. यू शेठने मडक्यात डोकावले आणि त्याचे डोळे चमकले.

"अरे वा! अखेर मोठ्या रेघेची आणलीस. ओत ती."

"ही द्यायची नाही. ही पलीकडची आहे."

"झालं! सासू घरी बसली तर सुनेनं मडकं धरलं." त्याने रांगेकडे पाहून डोळा मारला. "अगं, गोम म्हणजे गोम. अलीकडची काय, पलीकडची काय, काडीवर वाळली की सगळ्या सारख्या."

शिउहेने मडके फळीवर ठेवले, नेमके तीन रेघांवर, आणि त्याचे झाकण काढले.

"सारख्या ना? अलीकडची तुम्हांला दहादा चावलीय, तुम्हीच सांगता. मग घाला हात."

मी मडक्याच्या काठावर दोन्ही मिशा ठेवल्या.

"घाला की शेठ," मागून लिआओ काका ओरडला, "भिता कशाला? कोंबडा आणलाय मी!"

हशा उसळला. परंतु या वेळी तो मडक्याला नव्हता. यू शेठचा हात फळीवरून हळूच मागे गेला. त्याने एक काडी घेतली आणि तिच्या टोकाने मडके आपल्यापासून दूर सरकविले.

"बरं, बरं. ते तिकडं ठेव. वेगळं ठेव."

वेगळं! विद्यापीठाच्या चिठ्ठीवर जो शब्द उतरला नाही, तो लांबीच्या फळीमागे बसलेल्या मनुष्याने भर अंगणात स्वतःच्या मुखाने उच्चारला. मला तेवढे नाव पुरते.

त्या दुपारी सासू-सुना ओढा ओलांडून आल्या. माझा दगड अजून उलथलेलाच पडला होता. अंड्यांच्या जागी काहीही उरले नव्हते. शिउहे तेथे बराच वेळ उकिडवी बसून राहिली. नंतर तिने मला सोडले आणि दगड उचलून पूर्वीच्याच बाजूने, पूर्वीच्याच खळग्यात, कडा जुळवून ठेवला. वरून आजीचा आवाज आला, "थोडा डावीकडं. हं. असा होता."

मित्रांनो, माझी कथा येथे संपते. मला आपली दया नको आणि प्रेमही नको. मी प्रेम करण्याजोगी वस्तू नाही. परंतु आपल्या अंगणात, आपल्या डोंगरावरही माझ्यासारख्या पुष्कळ आहेत, ज्यांना आपण एका शब्दात गोळा करून मोकळे झाला आहात. एखादीने चावा घेतला तर कोंबडा शोधीत बसू नका. वैद्यकीय उपचार घ्या, आणि ती कोठली होती ते सांगा. आणि दगड उलथलाच, तर तो जसा होता तसा पुन्हा ठेवा. त्याखाली कोण आहे हे ठाऊक नसले तरी ठेवा.

या उन्हाळ्यात माझ्या वेटोळ्यात पुन्हा अंडी आहेत. एकेचाळीस. सर्वांची डोकी लाल होतील, पाठी काळ्या होतील आणि पाय पिवळे होतील. त्यांना अलीकडच्या समजून कोणी हात लावू नये. मी जागी आहे.